विजयाची भाषा आणि व्यवहाराची भाषा : चालुक्य-पल्लव वैरातून उरलेला पुरावा

सीमाप्रश्नावरील वादात शिलालेखांचा आणि ताम्रपटांचा आधार दोन्ही बाजू घेतात. आपल्यातील कोणी ऐहोळेच्या प्रशस्तीतील ‘महाराष्ट्रक’ हा शब्द पुढे करतो; समोरचा राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांतील ‘कर्णाटक बल’ या शब्दांवर भिस्त ठेवतो. दोन्ही शब्द अस्सल लेखांतील आहेत आणि दोन्ही एकाच राजघराण्याविषयी, बदामीच्या चालुक्यांविषयी, लिहिलेले आहेत. एकाच पक्षकाराविषयीची दोन खरी विधाने परस्परांविरुद्ध वापरली जातात, तेव्हा दोष दस्तऐवजात नसतो. तो वाचणाऱ्याच्या घाईत असतो. वकिली व्यवसायात कोणताही कागद समोर आला की तीन प्रश्न विचारावे लागतात. तो कोणी लिहिला? कोणासाठी लिहिला? आणि त्याने कोणाला बांधून घेतले? हेच तीन प्रश्न चालुक्य आणि कांचीचे पल्लव यांच्या लेखांना विचारले, तर आपल्या वादातील बराचसा धुरळा खाली बसेल, आणि आपल्या हाती खरोखर काय आहे तेही कळेल.

वैराचा पट

पहिल्या पुलकेशीने वातापीचा, म्हणजे आजच्या बदामीचा, किल्ला शके ४६५ मध्ये, अर्थात इ. स. ५४३ मध्ये बांधला. त्याचा नातू दुसरा पुलकेशी याने हे राज्य दक्षिणेतील सर्वांत प्रबळ सत्तेच्या पदवीला नेले. ऐहोळे येथील मेगुती जिनालयातील रविकीर्तीची प्रशस्ती शके ५५६ ची, म्हणजे इ. स. ६३४-३५ ची आहे. हर्षाचा पराभव, पल्लव राजाला कांचीच्या तटामागे आश्रय घ्यावा लागणे, आणि ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य या गोष्टी तिच्यात सांगितल्या आहेत. त्यानंतर थोड्याच वर्षांत ह्युएन त्सांग या चिनी यात्रेकरूने या राज्याचे वर्णन महाराष्ट्र देश म्हणून केले. येथील लोक मानी, उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेणारे असल्याचे तो नोंदवतो. रणात हरलेल्या सेनापतीला येथे शिक्षा होत नाही, त्याला स्त्रीवेश दिला जातो, असेही तो सांगतो.

हे वैभव टिकले नाही. इ. स. ६४२ च्या सुमारास पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा याने वातापी जिंकली आणि ‘वातापीकोंड’ हे बिरुद धारण केले. बदामीच्या खडकावर त्याच्या राज्याच्या १३व्या वर्षाचा लेख आजही आहे. पुढे सुमारे १३ वर्षे चालुक्यांची राजधानी आणि राज्यसत्ता विस्कळीत राहिली. इ. स. ६५५ च्या सुमारास पुलकेशीचा पुत्र पहिला विक्रमादित्य याने राज्य सावरले आणि तो पल्लवांवर उलटला. त्याचा पणतू दुसरा विक्रमादित्य इ. स. ७३३ ते ७४४ या काळात राज्यावर होता. पट्टदकलच्या लेखांत त्याने कांची तीनदा जिंकल्याचे म्हटले आहे. आणि या दीर्घ झगड्यात दोन्ही पक्ष थकत आले असताना लाभ झाला तिसऱ्याचाच. चालुक्यांच्याच छत्राखाली वाढलेल्या राष्ट्रकूट दंतिदुर्गाने आठव्या शतकाच्या मध्यास त्यांची सत्ता हिसकावून घेतली. गडहिंग्लज तालुक्यातील सामानगडावर मिळालेल्या त्याच्या ताम्रपटावर शके ६७५ हे वर्ष आहे. ज्या कर्णाटक सैन्याने कांचीपतीला आणि हर्षाला हरवले होते, त्याला आपण सहज जिंकले, असा त्यात दावा आहे.

दोन पक्षांची कैफियत

या लेखांतील युद्धवर्णने वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही न्यायनिर्णयाची भाषा नाही. ही पक्षकारांची कैफियत आहे. पल्लवांचा कूरम ताम्रपट सांगतो की पारियळ, मणिमंगल आणि शूरमार येथील लढायांत पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर नरसिंहवर्म्याने पत्र्यावर लिहावीत तशी ‘विजय’ या शब्दाची अक्षरे लिहिली. त्याच ताम्रपटाप्रमाणे परमेश्वरवर्म्यापुढे पहिला विक्रमादित्य अंगावरच्या एका चिंधीनिशी पळाला. विक्रमादित्याचा इ. स. ६७४ चा गद्वाल ताम्रपट मात्र त्याची छावणी कावेरीच्या दक्षिण तीरावर, उरगपुरात, म्हणजे पल्लवांच्याही पलीकडे, पडल्याचे दाखवतो. दोघेही विजयी, दोघेही अजिंक्य. पराभवाची कबुली स्वतःच्या लेखात कोणीच देत नाही.

म्हणून जाणता वाचक प्रशस्तीतील विशेषणे बाजूला ठेवतो आणि लेखाच्या उत्तरार्धाकडे वळतो. तेथे दानाचे गाव, त्याचा विषय, चारी दिशांच्या हद्दी, घेणाऱ्याचे नाव व गोत्र, माफ केलेले कर आणि लेखकाचे नाव असते. स्तुती खोटी ठरली तरी कोणाचे नुकसान होत नाही. हद्द खोटी ठरली तर दान व्यर्थ जाते. म्हणूनच ताम्रपटाचा हा भाग अधिक विश्वसनीय असतो.

लढाई चालू असताना कारभार

सतत चाललेल्या युद्धात कारभार कसा चालला असेल, या प्रश्नाचे उत्तर हेच उत्तरार्ध देतात. राज्य हे एकसंध पत्र्यासारखे नव्हते. राजाचे भाऊ, पुत्र, राण्या आणि मांडलिक घराणी यांच्याकडे निरनिराळे प्रदेश सोपवलेले असत. गोव्यात मिळालेल्या शके ५३२ च्या ताम्रपटात रेवतीद्वीपात राहणारा, बप्पूर कुळातील सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा चार विषयमंडळांचा अधिपती म्हणून दान देताना दिसतो. पुलकेशीचा धाकटा भाऊ कुब्ज विष्णुवर्धन सातारा येथे मिळालेल्या ताम्रपटात भीमेच्या दक्षिण तीरावरील गाव दान देतो. हाच विष्णुवर्धन पुढे वेंगीस जाऊन पूर्व चालुक्यांचे घराणे स्थापतो. पहिल्या विक्रमादित्याचा भाऊ चंद्रादित्य याची राणी विजयभट्टारिका हिची दाने आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नेरूर आणि कोचरे येथे मिळाली आहेत. नेरूरच्या दानात वर्ष मोजले आहे ते ‘स्वराज्या’चे. राजधानी शत्रूच्या हाती पडून राज्य नुकतेच सावरत होते, तेव्हा कोकणातील कारभार एका राणीच्या नावाने नियमित चालू होता.

ताम्रपटांत आज्ञा कोणाला उद्देशून असते तेही पाहण्यासारखे आहे. विषयपती, ‘राष्ट्रकूट’ नावाचे अधिकारी, ग्रामभोगिक आणि गावातील महत्तर यांना कळविले जाते. लेखनाचे काम पुष्कळदा महासांधिविग्रहिकाकडे असे. म्हणजे ज्याच्याकडे तहाचा आणि युद्धाचा विभाग, त्याच्याकडेच जमिनीचे दस्तऐवज. दान दिलेल्या गावात राजाच्या शिपायांनी व चाकरांनी शिरू नये, अशी अट अनेक लेखांत येते. आपल्या मराठीत ‘शासन’ हा शब्द आज सरकार या अर्थी रूढ आहे. मूळ अर्थाने तो राजाज्ञेचा वाचक होता आणि तांब्यावर कोरलेल्या आज्ञेला ‘ताम्रशासन’ म्हणत. लेखी आज्ञा आणि राज्यसंस्था यांचे नाते या एका शब्दात टिकून राहिले आहे.

पुढील शतकांत प्रदेशांच्या नावांना आकडे जोडण्याची पद्धत स्थिरावली. करहाट ४,०००, कुंडी ३,०००, पलसिगे १२,०००, वेणुग्राम ७०, कोंकण ९०० ही नावे कऱ्हाड, सौंदत्ती, हलशी, बेळगाव आणि गोवा येथील वाचकांच्या परिचयाची असतील. हे आकडे गावांचे की महसुली मोजणीचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु एवढे निश्चित आहे की राज्याची विभागणी गावे आणि महसूल यांच्या हिशेबाने होत असे. भाषेच्या रेषेने प्रांत आखण्याची कल्पना त्या काळात नव्हती. तेव्हा त्या सीमांवरून आजची भाषिक सीमा सिद्ध करू पाहणे म्हणजे एका दाव्याचा पुरावा दुसऱ्याच दाव्यात दाखल करणे होय.

लक्ष्मेश्वरची आचारव्यवस्था

या काळातील सर्वांत मोलाचा कायदेशीर दस्तऐवज, माझ्या मते, ताम्रपट नाही. तो एक स्तंभलेख आहे. धारवाडच्या दक्षिणेस असलेले लक्ष्मेश्वर, प्राचीन पोरिगेरे किंवा पुलिगेरे, आज गदग जिल्ह्यात मोडते. स्वातंत्र्यापूर्वी ते पटवर्धनांच्या मिरज संस्थानात होते. तेथे आठव्या शतकाच्या पहिल्या चरणातील एक कन्नड लेख आहे. तो देणारा आहे दुसरा विक्रमादित्य, युवराज असतानाचा. या लेखात त्याने पोरिगेरेचे महाजन, नगर म्हणजे व्यापारी नागरिक, आणि अठरा प्रकृती यांना ‘आचारव्यवस्था’ घालून दिली आहे.

ही व्यवस्था दोन्ही बाजूंना बांधते. राजाच्या अधिकाऱ्यांनी कशाचे रक्षण करावे याची यादी प्रथम येते. तीत रिकामी घरे, राजाचे दान, राजाची घोषणा, सज्जनांची प्रमाण साक्ष, रूढ आचार, ताम्रशासने आणि चालत आलेला उपभोग यांचा समावेश आहे. त्यानंतर नागरिकांनी काय द्यावे ते येते. घरांचे ऐपतीप्रमाणे स्तर करून वार्षिक कर ठरवला आहे. चोरी व किरकोळ अपराधांचे दंड आणि निपुत्रिकाचे धन यांविषयीही नियम आहेत, आणि स्थानिक श्रेणीला त्यात स्थान आहे.

साक्ष, लेख आणि उपभोग ही तिन्ही नावे एकत्र वाचून कोणत्याही वकिलाला याज्ञवल्क्य स्मृती आठवेल. लिखित, भुक्ती आणि साक्षी ही तिने मानलेली प्रमाणे होत. याच स्मृतीवर पुढे विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि त्या टीकेच्या आधारे वारसाहक्काचे वाद विसाव्या शतकापर्यंत आपल्या न्यायालयांत लढले गेले. आपण ज्याला ‘वहिवाट’ म्हणतो, तिला राजाच्या अधिकाऱ्यांपासून संरक्षण देणारी तरतूद एका शहराच्या सनदेत सुमारे १,३०० वर्षांपूर्वी कोरली गेली. राजा दयाळू होता, असा याचा अर्थ मी लावत नाही. दक्षिणेतील मोहिमांना द्रव्य लागत होते. द्रव्य नियमित यावयाचे तर व्यापाऱ्याला आणि गृहस्थाला उद्याची खात्री हवी होती. हक्काची हमी आणि कराची वसुली एकाच स्तंभावर कोरलेली आहेत, यातच त्या व्यवस्थेचे रहस्य आहे.

कोणता भाग कोणत्या भाषेत

आता भाषेचा प्रश्न. हाच विक्रमादित्य राजा झाल्यावर कांचीत शिरला. राजसिंहेश्वराच्या, म्हणजे आजच्या कैलासनाथ मंदिराच्या, संपत्तीची त्याने पाहणी केली आणि ती लुटून न नेता देवाला परत दिली. ही हकीकत त्याने त्याच मंदिराच्या खांबावर कन्नडमध्ये कोरविली. तो लेख नष्ट करणाऱ्यास त्या नगरीच्या घटिकेतील महाजनांच्या हत्येचे पाप लागेल, असे त्यात बजावले आहे. हीच हकीकत पुढे त्याचा पुत्र दुसरा कीर्तिवर्मा याच्या शके ६७२ च्या संस्कृत ताम्रपटात येते. तो ताम्रपट मिळाला पुणे जिल्ह्यातील केंदूर येथे.

तमिळ नगरीत कन्नड लेख का? ज्या वाचकांसाठी तो होता ते विजेत्याच्या बाजूचे होते, हे याचे सरळ उत्तर. तो लेख कांचीच्या शेतकऱ्याकडून काही मागत नाही, त्याला काही देतही नाही. ती विजयाची भाषा आहे, आणि विजयाला आपली स्वतःची भाषा पुरते.

याउलट त्याच वेळचा पराभूत पक्ष पाहा. विक्रमादित्याने ज्याला हरविले तो पल्लव राजा दुसरा नंदिवर्मा. त्याच्या २२व्या राज्यवर्षातील कासाकुडी ताम्रपटात वंशावळ आणि स्तुती संस्कृतात आहे. प्रत्यक्ष दानाची कार्यवाही तमिळमध्ये आहे. आज्ञा नाडूच्या रहिवाशांना गेली, त्यांनी दाखविलेल्या हद्दीवरून फेरी मारून दगड रोवले व दुधाळ थोराची झाडे लावली, आणि घाणे, माग इत्यादींवरील कोणते कर सोडले, हे सारे तमिळमध्ये सांगितले आहे. कूरम ताम्रपटाचीही घडण अशीच आहे. पुलकेशीच्या पाठीवरील ‘विजय’ संस्कृतात. जमिनीचा तपशील आणि मंडपात भारत वाचणाऱ्याची सोय तमिळमध्ये. लक्ष्मेश्वरची आचारव्यवस्था कन्नडमध्ये असण्याचे कारणही हेच. जिच्यामुळे लोक बांधले जातात आणि जिच्या आधारे ते भांडू शकतात, ती आज्ञा त्यांना कळली पाहिजे.

मराठीने हीच वाट पुढे धरली. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाविषयीचा आहे. त्यातील विद्वानांची व राजांची स्तुती संस्कृतात आहे. मठाला कोणत्या मालावर, कोणत्या घाण्यातून किती द्यावयाचे, ते सांगताना लेख मराठीत उतरतो. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी तर कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कर्त्यांची नावे सांगितली आहेत, कारण तेथे येणारा यात्रेकरू तिन्ही भाषांचा होता. आणि पट्टदकलच्या इ. स. ७५४ च्या विजयस्तंभावर एकच संस्कृत मजकूर उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा दोन लिप्यांत कोरला आहे. वाचणारा कोण आहे याचा विचार करून लिहावे, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची समज होती.

पुराव्याची मर्यादा

येथे प्रतिपक्षाच्या वकिलाने जे विचारले असते ते आपणच विचारलेले बरे. पहिले असे की हा नियम सर्वत्र पाळलेला नाही. नेरूर, कोचरे, सातारा येथील दाने हद्दीसकट संस्कृतात आहेत. सातव्या शतकातील कोकणी किंवा देशावरील कुणब्याला त्याच्या बोलीत एकही ताम्रशासन मिळाले नाही. त्यासाठी त्याला आणखी काही शतके थांबावे लागले. दुसरे असे की ज्यांना आज्ञा कळावी अशी राजाची इच्छा होती ते महाजन, व्यापारी आणि महत्तर होते. नांगर धरणाऱ्याचे मत कोणी विचारल्याचे या लेखांत दिसत नाही. तिसरे असे की यातील एकाही लेखावरून अमुक भूमी अमुक भाषेची होती, असा निष्कर्ष निघत नाही. कांचीत कन्नड लेख आहे म्हणून कांची कन्नड ठरत नाही. बदामीत पल्लव लेख आहे म्हणून बदामी तमिळ ठरत नाही. हा न्याय आपण कांचीला लावतो, तोच आपल्याला सोयीच्या लेखांनाही लावला पाहिजे. आपल्या बाजूच्या भाषणांतही ‘चालुक्य आमचे’ ही घोषणा अनेकदा ऐकू येते. चालुक्यांच्या लेखी आपण त्यांचे करदाते होतो, आणि आपले कानडी शेजारीही तेच होते. त्या घराण्याची मालकी सांगण्याचा अधिकार दोघांनाही नाही.

मग या पुराव्यावरून सिद्ध काय होते? एवढेच, पण तेवढे पुरेसे आहे, की लोकांना बांधणारी आज्ञा लोकांना कळेल अशा भाषेत असावी ही मागणी कालपरवाची नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर निघालेला तो हट्टही नाही. शत्रूच्या राजधानीत स्वतःच्या भाषेत विजय कोरणाऱ्या राजालाही नगरीचा कारभार बसविताना त्या नगरीच्या भाषेत लिहावे लागले. आपल्या राज्यघटनेचे अनुच्छेद ३५० नागरिकाला संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार देते. अनुच्छेद ३५०-क मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगते. या तरतुदींमागील व्यवहारज्ञान जुनेच आहे. नव्याने एवढेच घडले की जे पूर्वी राजाच्या सोयीवर अवलंबून होते ते आता नागरिकाच्या हक्कात आले.

म्हणून माझी सूचना अशी. सातबारा, नोटीस, मतदारयादी आणि शाळा यांची भाषा मागताना आपण राजघराण्यांची बिरुदे पुढे करू नयेत. त्यांना तितक्याच तोलाची उलट बिरुदे समोरून येतात आणि वाद तेथेच खुंटतो. पोरिगेरेचा स्तंभ पुढे करावा. तो कन्नड आहे, म्हणून आपल्या कानडी मित्रांना तो नाकारता येणार नाही. आणि त्यात जे सांगितले आहे ते बेळगाव, निपाणी, खानापूर किंवा बिदर-भालकी येथील मराठी माणसाच्या मागणीहून वेगळे नाही. अधिकाऱ्याने काय करावे आणि नागरिकाने काय द्यावे, हे दोघांनाही वाचता यावे एवढीच ती मागणी आहे.